आठ अंशांची थंडी

माझा मामा चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. दुकानाच्या पुढच्या भागात आरसे, दिवे आणि गोड बोलणारी विक्रेती; मागे पडद्याआड मामा, घासायचं यंत्र आणि त्यावर पडणारी पाण्याची बारीक धार. गिऱ्हाईक नवा चष्मा डोळ्यांना लावून "वा, आता कसं स्वच्छ दिसतंय" म्हणतं, ते त्या बाईला. मामाला पडद्यामागे ते ऐकू येतं आणि त्याला तेवढं पुरतं. अशा माणसाबरोबर राहणं किती कंटाळवाणं असेल, याचा अंदाज कुणालाही करता येईल. मी दीड वर्ष राहतेय.

आमच्या घराजवळच्या कॉलेजात विज्ञान नाही, म्हणून अकरावीला आईने मला आपल्या भावाकडे ठेवलं. आई, बाबा आणि धाकटा भाऊ तिकडे, बसने पाच तासांवर. इकडे मी आणि मामा. मामाने लग्न केलं नाही. का केलं नाही असं मी एकदा विचारलं, तर म्हणाला, "राहून गेलं." जणू दूध आणायचं राहून गेलं.

मामाचं एकच वेड. रोज सकाळी बरोबर सात वाजता तो गच्चीवर जातो. तिथे त्याने स्वतः बनवलेली, फटीफटींची पांढरी लाकडी पेटी आहे आणि पेटीत तापमापक. साधा नव्हे, कमाल-किमानचा. इंग्रजी यू अक्षरासारखी वाकलेली काचेची नळी, तिच्यात पारा, आणि दोन्ही बाजूंना टाचणीएवढी एकेक लोखंडी खूण. तापमान उतरलं की एका बाजूची खूण पाऱ्याबरोबर ढकलली जाते आणि सर्वांत कमी आकड्याशी थांबते. नंतर कितीही ऊन पडलं तरी ती खूण जागची हलत नाही. तापमान चढलं की दुसरी खूण तसंच करते. सकाळी दोन्ही आकडे वाचायचे, वहीत लिहायचे आणि छोट्या लोहचुंबकाने खुणा ओढून परत पाऱ्याला टेकवायच्या, की पुढच्या दिवसासाठी तापमापक तयार. एकूण काम चार मिनिटांचं. एकोणीस वर्षं झाली, एक दिवस चुकलेला नाही. ताप असताना गेलाय, त्याची आई वारली त्या सकाळीही गेलाय.

गणिताच्या तासाला मी एकदा हिशोब केला होता. रोज चार मिनिटं म्हणजे वर्षाला जेमतेम एक दिवस. एकोणीस वर्षांत मामाने या वेडापायी फक्त एकोणीस दिवस खर्च केले. मी तेवढा वेळ एका सुट्टीत मोबाइलवर घालवते आणि वर "वेळच मिळत नाही" म्हणते.

हे मी मोकळेपणाने सांगते कारण मी पक्की आरंभशूर आहे. माझ्या खोलीच्या भिंतीवर चार रंगांच्या पेनांनी केलेलं वेळापत्रक आहे. पाचला उठणे, साडेपाच ते सात भौतिकशास्त्र, आणि असंच पुढे. ते करायला एक अख्खा रविवार गेला, आणि त्यानंतर एकदाही मी पाचला उठले नाही. मामाच्या भिंतीवर काहीच नाही. त्याला विचारलं, की तुझी ही सवय टिकते कशी? तो म्हणाला, "टिकवायची म्हणून करत नाही गं. सात वाजले की जातो."

मागच्या वर्षी मी आमच्या कॉलेजातल्या भूगोलाच्या सरांना सहज हे सांगितलं, आणि सर चक्क घरी आले. वह्या पाहून उभेच राहिले. म्हणाले, "अहो, या भागात एवढी सलग नोंद कुणाकडेच नाही. वीस वर्षं पुरी झाली की मला द्या, मी त्यावर काम करतो." मामा "बरं" म्हणाला. पण सर गेल्यावर त्याने सगळ्या वह्या खाली काढून पुसल्या, आणि त्या दिवसापासून आकडे जास्त सुबक अक्षरात लिहू लागला. विसावं वर्ष पुरं व्हायला दीड महिना उरला होता, तेव्हा मामाला हर्नियाचं ऑपरेशन सांगितलं.

आईच्या ओळखीचे डॉक्टर तिकडे, म्हणून मामा आईकडे गेला. ऑपरेशन, मग विश्रांती, सगळा मिळून महिना. माझी सहामाही तोंडावर होती, त्यामुळे मी इथेच. शेजारच्या मावशी शिलाईकाम करतात. त्यांनी डबा द्यायचा आणि रात्री एकदा दार वाजवून जायचं, असं ठरलं. निघताना मामाने मला गच्चीवर नेलं, तीनदा खुणा टेकवायला लावल्या आणि वही हातात दिली. "ठमे," तो म्हणाला, "आता तू." बस्स. किल्ली, गॅस, पाण्याची टाकी यांबद्दल एक अक्षर नाही.

पहिले सहा दिवस मी इमानदारीत सातला उठले. सगळ्यांना वाटतं एकटं राहायला मिळालं की मज्जा. मलाही वाटलं होतं. तिसऱ्या दिवशी मला कळलं, की मी सकाळपासून कुणाशी बोललेच नाही आणि संध्याकाळी दूधवाल्याला "अर्धा लिटर" म्हणताना माझा आवाज घोगरा निघाला. कॉलेजात परीक्षेची सुट्टी. मैत्रिणी म्हणाव्या अशा दोघी, त्याही अभ्यासाला एकमेकींकडे राहायला गेलेल्या. मला बोलावलं नव्हतं. भिंतीपलीकडे मावशींचं मशीन चालू असायचं, आणि ते थांबलं की मी उगाच पुस्तकातून डोकं वर करायचे.

संध्याकाळी साडेसातला फोन यायचा. मामा विचारायचा, "किती?" मी सांगायचे, "किमान पंधरा पूर्णांक दोन, कमाल एकोणतीस." मामा लिहून घ्यायचा आणि "ठीक" म्हणून फोन आईकडे द्यायचा. आई विचारायची, "अभ्यास?" मी म्हणायचे, "चालू आहे." मागे धाकट्या भावाचं खिदळणं, बाबांचा आवाज, भांड्यांचा आवाज. माझी सगळी माणसं तिकडे एका घरात, आणि मी इकडे एक आकडा. फोन दोन मिनिटांच्या वर कधी गेला नाही. मी पाहत असे, किती मिनिटं झाली ते.

सातव्या दिवशी मी झोपून राहिले. जाग आली तेव्हा साडेनऊ. ऊन गच्चीभर. खरं तर तेव्हाही आकडे वाचता आले असते, खुणा काही पळून जात नाहीत. पण सातची वेळ चुकली होती, आणि वहीत साडेनऊ लिहिलं असतं तर एकोणीस वर्षांतला पहिला उशीर माझ्या नावावर लागला असता. म्हणून मी वर गेलेच नाही. गादीवर बसून वहीत वेळ सात लिहिली, किमान साडेतेरा, कमाल अठ्ठावीस पूर्णांक चार. दशांश लावला की थाप खरी वाटते. त्याला दहा सेकंदं लागली.

संध्याकाळी मी मामाला साडेतेरा सांगितलं. तो नेहमीसारखा "ठीक" म्हणाला नाही. म्हणाला, "एकदम उतरलं की. रात्री पांघरूण पुरतं ना गं तुला?"

दीड वर्षात मामाने मला असलं काही विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "पुरतं." तो म्हणाला, "माझंही घे वरून. काढून ठेवलंय तिथेच आहे." फोन साडेतीन मिनिटं चालला. मला रडू आलं, आणि का आलं ते मला चांगलं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी मी सातला जागी होते. गजर बंद केला, उठून बसले, आणि गच्चीवर गेले नाही. वहीत लिहिलं, तेरा. त्या संध्याकाळी मामाने सांगितलं, की कपाटात त्याचा लोकरीचा कोट आहे तो घाल. मग बारा पूर्णांक दोन झालं, आणि त्याने खिडकीच्या फटीत कागद कोंबायला सांगितलं. साडेअकरा सांगितलं तेव्हा आल्याचा काढा कसा करायचा ते समजावलं, फोनवर, आठ मिनिटं. हा माणूस गिऱ्हाइकाशीसुद्धा बोलत नाही! मी खरोखर फटीत कागद कोंबले. कोट घालून फोनपाशी बसायचे, आणि बाहेर अशी छान उबदार हवा, की घामाने पाठ भिजायची. तरी काढायचे नाही. त्याने घाल म्हटलं होतं ना.

थाप मारण्याची एक गंमत आहे. पहिली मारताना मन खातं, चौथीला सवय होते, सहावीला आपण मारतोय हेच विसरायला होतं. सवयी लावून घेण्याबद्दल मी शाळेत दोन निबंध लिहिलेत, दोन्हींना बक्षीस. चांगली एकही सवय मला लागली नव्हती. ही मात्र न चुकता रोज, ठरल्या वेळी, न कंटाळता चालली होती. आणि आता थांबायची सोय नव्हती. खरा आकडा वाचला असता, तर एका रात्रीत चार अंशांची उडी कशी मारली ते सांगावं लागलं असतं. म्हणून मी गच्चीच्या जिन्याकडे बघायचंही सोडून दिलं.

आईला शंका आली होती. मी तिला मागे बोलताना ऐकलं, "अरे, इथे पंखा लावून झोपतोय आपण!" मामा म्हणाला, "आमची बाजू उंचावर आहे. मोकळं पडतं." माझ्या आकड्यावर त्याने एवढासाही संशय घेतला नाही.

नऊ पूर्णांक सहा सांगितलं त्या दिवशी मामा म्हणाला, "आपला आजवरचा सर्वांत कमी आकडा नऊ पूर्णांक दोन. पाचव्या वर्षीचा." त्याचा आवाज वेगळाच लागत होता. त्याला असं खुशीत मी कधी ऐकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी लिहिलं, साडेआठ.

फोनवर मामाने आकडा पुन्हा सांगायला लावला. मग म्हणाला, "ठमे, नीट पाहिलंस?"

"दोनदा पाहिलं," मी म्हटलं.

माझ्या आयुष्यातली ही सर्वांत धडधडीत थाप. मामा "बरं" म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. पांघरुणाचं विचारलं नाही, कोटाचं नाही, काहीच नाही. आईकडे फोन द्यायलाही विसरला. पन्नास सेकंदं. मी कोट अंगात घालून तशीच बसले. त्याला विक्रम मिळाला होता, आता मी कशाला हवी होते? मला माझाच राग आला, मग त्याचा आला. मग वही उघडून मी दुसऱ्या सकाळचा आकडा आदल्या संध्याकाळीच लिहून टाकला. आठ.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला दार वाजलं. मामा. एका हातात पिशवी, दुसऱ्या हाताने पोट धरलेलं, आणि काखेत एक जाडजूड नवी कांबळ. चेहरा ओढलेला. डॉक्टरांनी पंधरा दिवस हालचाल करू नको म्हटलं होतं, आणि हा पाच तास बसमध्ये बसून आला होता.

"वही कुठाय?" त्याने विचारलं. सगळ्यात आधी हेच. कांबळ खुर्चीवर टाकली.

मी वही दिली. आजचा आठ पाहून त्याने नुसती मान हलवली आणि जिन्याकडे वळला. "मामा, टाके आहेत तुला," मी म्हटलं. "हळूच जातो," म्हणाला. एकेक पायरी, थांबत थांबत. मी खाली उभी राहून त्याच्या चपलांचा आवाज ऐकत होते. तेव्हा मला पहिल्यांदा आठवलं, की त्या खुणांना सहाव्या दिवसानंतर कुणी हातच लावलेला नाही.

तो दहा मिनिटांनी खाली आला. चेहरा पार उतरला होता. "ठमे," तो म्हणाला, "तापमापक गेला."

"म्हणजे?"

"किमानची खूण चौदा पूर्णांक एकवर उभी आहे. सकाळी आठ होतं, तर खूण आठशी गेली पाहिजे. अडकतेय. नळीत काहीतरी झालंय."

माझा जीव भांड्यात पडला. खोटं कशाला सांगू? पहिला विचार हाच आला, की सुटले. खूण खोटी आणि मी खरी! एवढ्या हुशार माणसाच्या मनात हे आलंच नाही, की खूण बरोबर असेल आणि भाची थापाडी. मी वाचलं म्हणजे वाचलं, हे त्याने धरूनच टाकलं होतं.

मामा टेबलाशी बसला आणि फळीवरच्या वह्या मला खाली काढायला लावल्या. "तीन वर्षांपूर्वी मी नळी काढून धुतली होती," तो म्हणाला, "तेव्हाच बिघडली असणार. तेव्हापासूनचं काहीच धरता येणार नाही. सरांना आजच कळवतो, की वीस वर्षं नाहीत. सोळाच आहेत, आणि तीही सोडून द्या हवं तर." त्याने लाल पेन्सिल घेतली, तीन वर्षांपूर्वीची वही उघडली आणि पट्टी पानावर तिरपी ठेवली.

मी समोर भौतिकशास्त्राचं पुस्तक धरून बसले होते. गप्प बसणं अगदी सोपं होतं. त्याने रेघ मारली असती, सरांना चिठ्ठी गेली असती, मला कुणी काही म्हटलं नसतं. फक्त हजारभर सकाळी गेल्या असत्या. तापातल्या, सर्दीतल्या, सगळ्या. माझ्या दहा दहा सेकंदांपायी.

"मामा, थांब," मी म्हटलं. "खूण बरोबर आहे."

त्याने वर पाहिलं.

"मी वर गेलेच नाही. नऊ दिवस. आठ नव्हतं. साडेआठही नव्हतं. सगळं मी इथे बसून लिहिलं."

तो ओरडेल असं वाटलं होतं. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने पट्टी बाजूला ठेवली, पेन्सिल ठेवली, आणि विचारलं, "कधीपासून?"

"सातव्या दिवसापासून."

"झोप लागली?"

"पहिल्या दिवशी. मग नाही. मग जागीच असायचे."

"मग का?"

मी सांगायचं नाही असं ठरवलं होतं आणि सांगूनच टाकलं. "आकडा खाली गेला की तू माझ्याशी बोलायचास. पंधरा म्हटलं की तू ठीक म्हणून फोन देऊन टाकायचास. मला वाटलं, अजून खाली गेला की अजून बोलशील. आणि काल विक्रम झाला तर तू माझी चौकशीसुद्धा केली नाहीस. आज आलास तेही वहीसाठीच." एवढं बोलेपर्यंत नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी. मी मामाच्याच कोटाच्या बाहीला पुसलं.

भिंतीपलीकडे मशीन चालू झालं, थांबलं, पुन्हा चालू झालं.

"काल रात्री तुझ्या आईने हेच विचारलं," तो शेवटी म्हणाला. "म्हणाली, एवढा टाके उसवून त्या आकड्यासाठी चाललास? मी म्हटलं, हो." तो कांबळीकडे बघत होता. "खोटं बोललो. साडेआठ अंशात पोर एकटी कुडकुडतेय, हे सांगायला मला कसंसंच झालं. मला असलं बोलता येत नाही गं. आकडा विचारता येतो."

मग त्याने चालू वही पुढे ओढली. माझ्या नऊ ओळी त्याने पट्टी लावून एकेक करून खोडल्या, सावकाश, आकडे खाली वाचता येतील अशा. प्रत्येकीपुढे लिहिलं, नोंद नाही. एकोणीस वर्षं आणि अकरा महिन्यांत पहिल्यांदाच ते दोन शब्द त्याच्या हाताने लिहिले गेले, आणि मला ते बघवेना. "सरांना काय सांगशील?" मी विचारलं. "आहे ते," तो म्हणाला. "सलग नाही म्हणून. मधे नऊ दिवसांची फट आहे."

पानाच्या अगदी कडेला शेऱ्याचा रकाना असतो. गारा पडल्या, पेटीला रंग दिला, असलं काही असलं तर तो तिथे लिहितो. नऊ ओळींना मिळून त्याने एक कंस काढला आणि बारीक अक्षरात शेरा लिहिला. मी मान वाकडी करून वाचलं. घरी कोणी नव्हते.

"अरे, मी होते की घरी!" मी म्हटलं.

"तू होतीस," मामा म्हणाला. "तुझ्याजवळ कोणी नव्हतं. तेवढं सगळं लिहायला रकाना पुरत नाही."